सायलेन्समधला तिळगूळ

कतारहून परत येऊन नाशिकला स्थिरावले तेव्हापासून लोक मला दोनच प्रश्न विचारतात. तिकडे सोनं स्वस्त मिळतं का, आणि वर्ल्ड कप पाहिलात का. सोन्यातलं मला काही कळत नाही. वर्ल्ड कप मी टीव्हीवर पाहिला, दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, ऑफसाइड म्हणजे काय ते शेवटपर्यंत न समजता. हे ऐकून समोरचा हिरमुसतो आणि केवळ सभ्यपणा म्हणून तिसरा प्रश्न विचारतो, "मग तुम्ही तिथे इतकी वर्षं करत काय होतात?"

मी मुलींच्या भांडणांची फाईल सांभाळत होते.

जरा नीट सांगते. दोह्यात एका अमेरिकन विद्यापीठाची शाखा होती, तिच्या विद्यार्थी विभागात मी कोऑर्डिनेटर होते. ह्यांची नोकरी गॅसच्या प्लांटवर, पहाटे बसने जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. घरी बसून मी किती चिवडा करणार? अर्ज टाकला. मुलाखतीत विचारलं, महिलांच्या गव्हर्निंग बॉडीचा काही अनुभव आहे का? मी म्हटलं, नाशिकला आमच्या कॉलनीच्या महिला मंडळाची मी सहा वर्षं सेक्रेटरी होते आणि त्या सहा वर्षांत मंडळ फुटलं नाही. समोरच्या अमेरिकन बाईंना यातलं किती कळलं कोण जाणे, पण नोकरी मिळाली.

अमेरिकेत कॉलेजच्या मुलींच्या सोरॉरिटी असतात. थोरल्या मुली नव्या मुलीला आपल्यात घेतात, मग ती त्यांची बहीण. अर्धं महिला मंडळ आणि अर्धं माहेर, असा तो प्रकार. कतारमध्ये हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. सिनेमे पाहून आईवडिलांनी त्याचा भलताच अर्थ लावलेला. म्हणून आमच्याकडे त्यांना सिस्टर सोसायटी म्हणायचे. अशा तीन होत्या. दाना, म्हणजे मोठा मोती. नखला, म्हणजे खजुराचं झाड. आणि नौरस, म्हणजे समुद्रपक्षी. प्रत्येकीची एक खोली, खोलीत सोफा, किटली आणि सतत हरवणारे चमचे. पार्ट्या नाहीत, मुलगे नाहीत. पण नव्या मुलीला एक थोरली बहीण मिळायची. कोणते सर तोंडी परीक्षेत काय विचारतात ते ती सांगायची, ताप आला तर सूप आणून द्यायची, आणि पुढे पास होऊन नोकरीला लागल्यावर धाकटीसाठी चार ठिकाणी शब्द टाकायची. घरापासून लांब आलेल्या मुलीला यापेक्षा जास्त काय लागतं?

आणि या तिघींच्या डोक्यावर कौन्सिल. प्रत्येक सोसायटीच्या दोन प्रतिनिधी, त्यांतली एक आळीपाळीने अध्यक्ष. मी त्यांची सल्लागार. मत नाही, फक्त फाईल आणि खोलीची किल्ली. कौन्सिलचं काम म्हणजे तिघींनी एकमेकींच्या झिंज्या न धरता नव्या मुली वाटून घ्याव्यात हे बघणं. आमच्या नियमावलीच्या पहिल्या पानावर इंग्रजीत बरंच भारदस्त लिहिलं होतं, त्याचा मी मराठीत काढलेला अर्क असा: दुसऱ्या सोसायटीला नावं ठेवायची नाहीत, नव्या मुलीला भुलवायचं नाही, आणि निर्णय सोसायटीच्या सोयीचा नव्हे, मुलीच्या सोयीचा घ्यायचा. पहिल्या दोन गोष्टी मुलींना पटायला प्रत्येकी एक वर्ष लागलं. तिसरी मलाच नीट कळायला किती वर्षं लागली ते पुढे येईलच.

निवड जानेवारीत व्हायची. नव्या मुली तिन्ही खोल्यांना ठरलेल्या दुपारी भेट द्यायच्या. मग प्रत्येक मुलगी आपली पसंती एक-दोन-तीन अशी लिहून द्यायची, सोसायट्या आपल्याला हव्या त्या मुलींची यादी द्यायच्या, आणि कौन्सिल दोन्ही कागद समोर ठेवून जुळवणी करायची. लग्न जुळवण्यासारखंच, फक्त पत्रिका आणि मामा नाहीत. या पंधरवड्यात अध्यक्ष झालेली मुलगी आपल्या सोसायटीचा बिल्ला काढून माझ्याकडे जमा करायची. खोलीत जायची नाही, आपल्या बहिणींबरोबर जेवायला बसायची नाही. निकाल लागला की बिल्ला परत. ही पद्धत मला फार आवडायची. आपल्याकडे खुर्चीवर बसलेल्यांना बिल्ला काढायला सांगून बघा एकदा.

सुरुवातीच्या एका वर्षी नखलाच्या मुलींनी भेटीच्या दिवशी सोनेरी वर्खाची चॉकलेटं ठेवली. दुसऱ्या दिवशी दानाने प्रत्येक पाहुणीला अत्तराची कुपी दिली. नौरसच्या मुलींकडे खर्च करायला काही नव्हतं, त्या रडत माझ्याकडे आल्या. कौन्सिल बसली, चार तास बसली, आणि असं ठरलं की तिन्ही खोल्यांत पाहुणीला एकसारखंच द्यायचं, करक, म्हणजे तिकडचा कडक दुधाचा चहा, आणि दोन खजूर. खजूर कौन्सिल पुरवणार. तेव्हापासून दर जानेवारीला सूक वाकिफच्या जुन्या बाजारात जाऊन एकाच दुकानातून, एकाच ढिगातले खजूर मी स्वतः आणत असे. दुकानदार केरळचा होता. तो विचारायचा, मॅडम, घरात लग्न आहे का? मी म्हणायचे, तीन आहेत.

एकदा एक आई ऑफिसात आल्या. मोठ्या घरच्या, पर्स मांडीवर ठेवून ताठ बसलेल्या. थोरली मुलगी दानात होती, आता धाकटीलाही दानातच घ्या म्हणाल्या. मी पसंतीची पद्धत समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं की हे सगळं ठीक आहे, पण मुलीचं नाव नक्की कोणाला सांगायचं? मी म्हटलं, मुलीलाच सांगा, कागद तीच भरणार आहे. धाकटीने पहिली पसंती नौरसला दिली. आई नंतर मला कॅन्टीनमध्ये दिसल्या तर मान वळवून निघून गेल्या. मला त्या दिवशी गोड शिरा खावासा वाटला.

आता खरी गोष्ट. वर्ल्ड कप जवळ येत चालला होता. शहर सगळं उकरलेलं. काल होता तो रस्ता आज नसायचा, त्या जागी नारिंगी खांब आणि बाणाची पाटी. मेट्रो सुरू व्हायची होती. कॉलेजला पोचायला वीस मिनिटांऐवजी तास लागायचा आणि उशिरा आलेली प्रत्येक मुलगी फक्त "डायव्हर्शन, मिस" एवढंच म्हणायची.

त्या वर्षी अश्विनी आली. अंबाजोगाईकडची, पूर्ण शिष्यवृत्तीवर, हॉस्टेलला. आमच्याकडे शिकणाऱ्या भारतीय मुली म्हणजे इंजिनियरांच्या, डॉक्टरांच्या, इथेच वाढलेल्या. अश्विनीचे वडील, अंकुशराव, एका स्टेडियमच्या कामावर क्रेन चालवायचे. राहायचे दक्षिणेला बिरकत अल अवामेरला, कामगारांच्या वस्तीत, एका खोलीत सहा जण. सहा वर्षं तिकडे एकटे होते. मुलीने परीक्षा दिली, अर्ज भरले आणि बाप होता त्याच शहरात येऊन पडली, तर त्यांना ते खरंच वाटेना. शुक्रवारी सुट्टी असली की इस्त्रीचा शर्ट घालून दोन बस बदलून तिला भेटायला यायचे. एकदा ती त्यांना माझ्या ऑफिसपर्यंत घेऊन आली. ते खुर्चीवर बसले नाहीत.

"ताई, लेकरू लई हुशार हाय," ते म्हणाले. "पर इथं त्याला बोलाया मानूस नाही. रोज फोनवर म्हनतंय, बाबा, मी गावाकडं जाते. तुम्ही जरा बगा."

मी म्हटलं, बघते. या 'बघते'नेच पुढचा घोटाळा केला.

अश्विनी वर्गात पहिली, पण इंग्रजीत बोलायची वेळ आली की अडखळायची. तीन खोल्यांच्या भेटींत ती नखलात आणि नौरसमध्ये दोन खजूर खाऊन, चहा पिऊन, थँक्यू म्हणून बाहेर आली. दानात मात्र समृद्धी होती. समृद्धी पुण्याची, वडील तेल कंपनीत, घर आमच्याच गल्लीत. एरवी आईशीसुद्धा इंग्रजीत बोलणारी ही मुलगी अश्विनीशी मोडक्यातोडक्या मराठीत अर्धा तास बोलत बसली. सोसायट्यांच्या याद्या माझ्याकडे यायच्या. मी फाईल लावताना पाहिलं, अश्विनीचं नाव एकाच यादीत होतं, दानाच्या, आणि सगळ्यात वर. मला बरं वाटलं. पोरगी टिकणार, असं वाटलं.

शेवटची भेट सोमवारी संपायची आणि निकाल गुरुवारी लागायचा. मधले दिवस सायलेन्स. म्हणजे सोसायटीच्या मुलींनी नव्या मुलींशी बोलायचं नाही, भेटायचं नाही, काहीही द्यायचं नाही. नव्या मुलीने आपली पसंती शांत डोक्याने ठरवावी, कानाशी कोणी कुजबुजू नये, म्हणून. हा नियम मोडला तर त्या सोसायटीला ती मुलगी त्या वर्षी घेता येत नाही, आणि मोडायला लावणारी व्यक्ती कोणीही असो, तिच्यावर कारवाई. हे कलम कौन्सिलसाठी मी स्वतः टाईप केलं होतं, 'कोणीही असो' या शब्दांसकट.

त्या वर्षी संक्रांत मंगळवारी आली.

आमच्या घरी दरवर्षी हळदीकुंकू व्हायचं. गल्लीतल्या दहाबारा बायका, कोणी पुण्याची, कोणी मुंबईची. वाण म्हणून त्या वर्षी प्लास्टिकचे डबे. मी अश्विनीला बोलावलं. सणाच्या दिवशी पोर हॉस्टेलच्या खोलीत एकटी बसणार, बापाला सुट्टी नाही, मग कोण बोलावणार तिला? समृद्धीच्या आईला आमंत्रण होतंच. त्यांना सोडायला म्हणून समृद्धी आली आणि माझ्या हॉलमध्ये दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या.

समृद्धीच्या आधी लक्षात आलं. तिने हात मागे घेतला आणि हळूच म्हणाली, "वंदनाकाकू, सायलेन्स आहे ना?"

आणि मी, ज्या बाईने ते कलम टाईप केलं ती मी, हातात तिळगुळाचा डबा घेऊन म्हणाले, "घरात कसला आलाय गं सायलेन्स? दे तिला तिळगूळ. सण आहे."

तिने दिला. अश्विनीने वाकून घेतला. दोघी हसल्या. हौशी शेजारणींपैकी एकीने फोटो काढला आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकला. बुधवारी सकाळी तो फोटो कोणाच्या बहिणीच्या मैत्रिणीकडून फिरत फिरत नखलाच्या मुलींकडे पोचला आणि दहा वाजता छापलेल्या तक्रारअर्जासोबत माझ्याच टेबलावर आला. दोन मुली, मधे लाडू, मागे निळा पडदा. तो पडदा मी स्वतः शिवला होता.

दुपारी कौन्सिल बसली. अध्यक्ष होती हिबा. सुदानची, वडील शाळेत गणित शिकवायचे, आणि तीही गणितासारखंच बोलायची. नौरसची, पण बिल्ला माझ्या ड्रॉवरमध्ये. तिने समृद्धीला विचारलं, फोटो कधीचा? समृद्धी म्हणाली, कालचा. कुठला? समृद्धीने माझ्याकडे पाहिलंही नाही. एका फॅमिली फ्रेंडच्या घरी सण होता, म्हणाली. मग अश्विनीला आत बोलावलं. तिलाही तेच विचारलं. घर कोणाचं, विचारल्यावर ती तिच्या त्या अडखळत्या इंग्रजीत म्हणाली की ओळखीच्या बाई आहेत, चांगल्या बाई आहेत, नाव सांगायची गरज आहे का? हिबा म्हणाली, नियम मोडला की नाही हे ठरवायला गरज नाही.

मी फाईल उघडून बसले होते. सल्लागाराने मत द्यायचं नसतं, असं मी स्वतःला समजावत होते. ते खरंही होतं आणि सोयीचंही होतं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. इतकी वर्षं ज्या मुलींना मी नियम शिकवले त्यांच्यासमोर उभं राहून 'तो पडदा माझा' म्हणायला माझी जीभ उचलेना. आणि नोकरीचीही भीती होती, ते कशाला लपवू. पाच मतं पडली, सगळी एकाच बाजूला. समृद्धी दानाची प्रतिनिधी, पण तक्रार तिच्याचबद्दल म्हणून तिला मत नव्हतं. दानाला या वर्षी अश्विनीला घेता येणार नाही. समृद्धीला ताकीद. बाकी सोसायट्यांना अश्विनीला घ्यायची मोकळीक आहे, हिबा म्हणाली. बाकी सोसायट्यांच्या यादीत तिचं नावच नव्हतं हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

घरी आले तर ह्यांनी विचारलं, आज एवढी गप्प का? मी म्हटलं, सायलेन्स आहे. ह्यांना विनोद वाटला. मी स्वयंपाक केला, जेवले नाही. सगळ्यात जास्त कशाचा राग आला सांगू? तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देता येतो. आमच्या आईने, सासूने, सगळ्यांनी संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही केलेलं. गुरुवारी निकाल होता, शुक्रवारी सगळ्यांना सुट्टी होती. माझ्या हातात चांगले तीन-चार आठवडे होते आणि मी मंगळवारचा हट्ट धरला. सणाच्या दिवशीच करायचं, का, तर माझी हौस.

गुरुवारी सकाळी डायव्हर्शन धरून मी साडेसातला कॉलेजात पोचले आणि हिबाची वाट बघत दारात उभी राहिले. ती आली तशी तिला आत घेऊन सगळं सांगितलं. घर माझं, आमंत्रण माझं, समृद्धी नको म्हणत होती आणि मीच 'दे' म्हटलं. हिबाने वही काढून लिहून घेतलं. मधे एकदाही मान वर केली नाही. शेवटी म्हणाली, "मिस वंदना, हे तुम्ही काल का नाही सांगितलंत?"

मी म्हटलं, "घाबरले."

तिने तेही लिहून घेतलं.

नऊ वाजता कौन्सिल पुन्हा बसली. मला बाहेर थांबायला सांगितलं. माझ्याच खोलीबाहेरच्या बाकावर, जिथे तक्रारीवाल्या मुली बसायच्या, तिथे मी पाऊण तास बसले. आत बोलावून हिबाने निर्णय वाचला. नियम सोसायटीने मोडला नाही, सल्लागारांनी मोडायला लावला. दानावरची बंदी रद्द. समृद्धीची ताकीद रद्द. सल्लागारांना लेखी ताकीद, आणि या वर्षीच्या जुळवणीत त्यांनी खोलीत थांबायचं नाही. विभागप्रमुखांना प्रत. ताकीदपत्राचा नमुनाही मीच बनवलेला होता, रकाने अगदी नीट भरले होते पोरींनी. मी सही केली. मला लाज वाटत होती आणि त्याच वेळी, खरं सांगते, आतून बरंही वाटत होतं. शिकवलेलं वाया गेलं नव्हतं.

ते बरं वाटणं दोन मिनिटंच टिकलं. हिबाने दुसरा कागद पुढे केला. अश्विनीचा मेल. बुधवारी संध्याकाळी पाच वाजता पाठवलेला, दोन ओळींचा. निवडीतून मी माझं नाव मागे घेत आहे.

नाव मागे घेतलं की त्या वर्षी परत घालता येत नाही, हा नियम. सोसायट्यांनी दबाव आणून मुलींना आतबाहेर करायला लावू नये म्हणून केलेला, चांगला नियम. मी हिबाला म्हटलं, अगं, मी काल बोलले असते तर तिने हे लिहिलंच नसतं. एकदा अपवाद कर. हिबाने तो मेल फाईलमध्ये लावला आणि म्हणाली, "मागच्या वर्षी माझ्या रूममेटने असंच नाव काढलं होतं आणि नंतर रडत आली होती. तेव्हा तुम्हीच हा नियम दाखवलात. मला ते आवडलं नव्हतं, पण बरोबर होतं."

गुरुवारी संध्याकाळी निकाल लागला. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून किंचाळत होत्या, दानाच्या यादीत एक जागा रिकामी राहिली होती, आणि मी हॉस्टेलच्या कॅन्टीनमध्ये अश्विनीसमोर बसले होते. ती डाळभात खात होती. मी विचारलं, एवढी घाई का केलीस बाळा? वाट तरी बघायचीस.

ती खाली बघून म्हणाली, "मॅडम, मी राहिले असते तर परत कोणीतरी विचारलं असतं, घर कोणाचं म्हणून. मी नाव काढलं की फाईल बंद होईल, असं वाटलं. तुमची नोकरी गेली असती ना."

मी त्या कॅन्टीनमध्ये, चारचौघांत, रडले. अठरा वर्षांची मुलगी, जिला परक्या देशात बोलायला माणूस नव्हतं, तिने मिळत असलेलं एकमेव माणूस माझ्यासाठी सोडून दिलं होतं. आणि मी आदल्या दुपारी तिच्यासमोर फाईल उघडून बसले होते. कौन्सिलचा निर्णय मुलीच्या सोयीचा असावा, हे वाक्य मी दरवर्षी नव्या प्रतिनिधींना वाचून दाखवत असे. त्या दिवशी कळलं, ते मी फक्त वाचत होते.

त्यानंतर तिने गावाकडे जायचं नाव काढलं तर मी काय तोंडाने थांबवणार होते? पण त्यासाठी माझी गरजच पडली नाही. समृद्धी दर मंगळवारी तिला जेवायला बोलावू लागली. निवड संपल्यावर बोलायला कोणाची बंदी? अश्विनीचं इंग्रजी सुधारलं आणि समृद्धीच्या मराठीत, तिच्या आईला धक्का बसेल असं, मराठवाडी शिरलं. एकदा माझ्यासमोर ती आईला म्हणाली, कामून ओरडायलीस? मे महिन्यात कौन्सिल सोडून जाताना हिबाने एक ठराव मांडला. कुठल्याच सोसायटीत नसलेल्या मुलींची एक प्रतिनिधी कौन्सिलवर हवी. आत्तापर्यंत त्यांच्या वतीने बोलायला कोणीच नव्हतं. ठराव एकमताने पास झाला. नाव सुचवा म्हटल्यावर हिबा म्हणाली, नियम मोडला गेला तेव्हा सगळ्यांत जास्त किंमत जिने मोजली तिला नियम नीट कळले असतील. अशी अश्विनी कौन्सिलवर आली.

पुढच्या डिसेंबरात ती माझ्या ऑफिसात आली. तोपर्यंत मेट्रो सुरू झाली होती, डायव्हर्शनची सबब मुलींना पुरेनाशी झाली होती. तिच्या हातात निवडीचं वेळापत्रक होतं. संक्रांत पुन्हा सायलेन्समध्ये येत होती. तिने त्या तारखेवर पेन्सिलीने एक बारीक गोल काढून ठेवला होता. मीच म्हटलं, या वर्षी माझं हळदीकुंकू शुक्रवारी, निकालानंतर. तिने रबराने गोल पुसला आणि वेळापत्रकावर सही केली.

त्या शुक्रवारी ती वडिलांना घेऊन आली. बायकांच्या हळदीकुंकवाला पुरुष कसे, म्हणून अंकुशराव दाराबाहेरच थांबले होते, ह्यांनी हाताला धरून आत आणलं. त्यांच्याकडे स्टीलचा डबा होता. बिरकत अल अवामेरच्या खोलीतल्या सहा जणांनी मिळून एका शेगडीवर तिळाचे लाडू केले होते. पाक पुढे गेलेला, लाडू दगडासारखे. त्यांनी डबा माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "ताई, गेल्या साली पोरगी तुमच्याकडून आल्यावर लई गप गप व्हती. मला कदी सांगितलं नाही तिनं. काय झालतं?"

मी तोंड उघडलं. या वेळी सांगायचंच, असं ठरवून उघडलं होतं. पण अश्विनी आधी बोलली.

"काही नाही, बाबा," ती म्हणाली. "मॅडमनी जरा घाई केली होती."

मग तिने डब्यातला एक लाडू उचलून माझ्या हातावर ठेवला. मी तो दाढेखाली धरून बराच वेळ उभी राहिले, तो काही फुटेना, आणि तोंड भरलेलं असल्यामुळे मला काहीच बोलता आलं नाही.